हुंगून ओतलेलं

भरतची गाडी मंगळवारी सकाळी दुसऱ्या ट्रकच्या मागे बांधून वडप्याच्या गॅरेजात आणली, तेव्हाच धम्मपाल मिस्त्रीच्या पोटात गोळा आला होता. अजून केबिन उचललेली नव्हती, पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. तरी आला. तो का आला याचा विचार त्याने तेव्हाच्या तेव्हा केला असता, तर पुढचे तीन दिवस त्या पोराचे हाल झाले नसते. पण माणूस असा विचार करतो होय! पोटातला गोळा चहाबरोबर खाली ढकलतो आणि पाना हातात घेतो.

भरत पडघ्याच्या मागच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. आधी गोदामात हमाल, मग क्लीनर, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि दोन वर्षांपासून दहा टायरी ट्रकचा मालक. कागदावर पाड्यातल्या माणसाचं नाव असलेली ही पहिली गाडी. पुढच्या काचेवर त्याने पिवळ्या अक्षरांत लेकीचं नाव काढून घेतलं होतं, 'धाकली'. ही गाडी बसली की भरत पुन्हा गोदामात पोती उचलायला जाणार, हे गॅरेजातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून तर कुणी ते बोलत नव्हतं.

"काका, कसाऱ्याच्या घाटात हीटचा काटा लालमदी गेला," भरत सांगत होता. दोन रात्री झोपला नसावा, डोळे तांबारले होते. "मागं गाड्यांची ही रांग, कडंला जागा न्हाय. तशीच वर काढली आन् मंग बंद केली. चुकलं का माजं?"

"बघू," धम्मपाल म्हणाला.

काळूरामने टाकीचं झाकण फिरवलं. हा गॅरेजातला दुसरा मिस्त्री, वयाने लहान पण हाताचा चलाख. आत पाणी नव्हतंच. आत होता दाट गाळ, गुलाबीसर, बेकरीच्या स्वस्त केकवर असतं त्या क्रीमसारखा. पाण्यात तेल उतरलं आणि पंपाने ते घुसळलं की असा गाळ होतो, एवढं तर चहा देणारासुद्धा सांगेल. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. तेल कुठलं? आणि आलं कुठून?

"उस्ताद, आप सूंघो," काळूराम बाजूला झाला.

तिथली रीतच होती ती. डिझेल असेल तर इंजेक्टरकडे बघायचं, इंजिनचं तेल असेल तर तेल गार करणारा कूलर नाहीतर गॅस्केट, आणि हे धम्मपाल बोटावर गाळ घेऊन, हुंगून, पाना लावायच्या आधी सांगायचा. तीस वर्षं सांगत आला होता. नाशिकहून येणारे ड्रायव्हर वाटेतली चार गॅरेजं सोडून वडप्याला यायचे ते शेलार गावच्या धम्मपालसाठी. गॅरेजचा मालक केसरीनाथशेठ तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवायचा, भिंतीलगत तीस-चाळीस कॅन मांडलेले, एकावरही नाव नाही. पिंपातून सुटं तेल आणायचं आणि हाताला लागेल त्या रिकाम्या कॅनमध्ये भरायचं. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या कॅनात गिअरचं तेल, तेलाच्या कॅनात कूलंट. "नावं कशाला पायजेत? आमचा मिस्त्री हुंगून देतो," शेठ म्हणायचा आणि हसायचा. धम्मपाल कॅन उघडायचा, नाकाशी धरायचा आणि मगच ओतायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता.

पण आता खरं सांगायचं तर धम्मपालला सव्वा वर्ष झालं कसलाच वास येत नव्हता.

तापात गेला. साधा सर्दी-ताप, आठ दिवसांत बरा झाला, पण वास काही परत आला नाही. घरी शेगडीवर दूध करपून पातेलं काळं पडलं तरी हा शेजारी पेपर वाचत बसलेला. वनिताने डोक्यावर हात मारला, "अहो, जागे आहात की झोपलात?" तर म्हणाला, डोळा लागला होता. बायकोला सांगितलं नाही! ठाण्याच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, इतके महिने झाले, आता आशा धरू नका. त्या दिवशी तो खाडीपुलावर गाडी थांबवून तासभर उभा राहिला होता. छप्पन्न वर्षांचं वय, गुडघे गेलेले, नट सोडवायला काळूरामसारखे दहा मिळतात. वासाखेरीज आपल्याजवळ दुसरं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर त्याला तासाभरात सापडलं नाही. तेव्हापासून तो कॅन नाकाशी धरायचा, हळूच डोळे मिटायचा, मान हलवायचा आणि ओतायचा. कॅनचं वजन, तेलाची धार, रंग, कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय, या अंदाजावर सव्वा वर्ष त्याने वेळ मारून नेली होती. सांगायला हवं होतं, हे त्याला रोज कळत होतं आणि रोज तो मूग गिळून बसत होता.

आताही त्याने बोटावर गाळ घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. काहीच नाही. कोऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं.

"इंजिन ऑइल," तो म्हणाला. "कूलर काढ."

बोलता बोलताच त्याला कळलं होतं की हे बरोबर नाही. डिझेल इंजिनातलं तेल एका दिवसात काळंकुट्ट होतं. ते पाण्यात उतरलं तर गाळ काळपट यायला हवा, हा गुलाबी कसा? आणि तेल मोजायची डिपस्टिक ओढून बघितली तर तेल खुणेला टेकलेलं. आतलं तेल थेंबानेही कमी नाही, तर पाण्यात आलं कुठून? शिकाऊ माणसालाही हा प्रश्न पडला असता. धम्मपालने डिपस्टिक पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तितकंच. मग त्याने ती गुपचूप जागेवर बसवली आणि काळूरामला ओरडला, "अरे काढतोस ना कूलर?"

कूलर काढला. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा सोडली आणि उकळत्या पाण्याच्या डब्यात बुडवला. गार पाण्यात बारीक चीर मिटून बसते, गरम पाण्यातच ती तोंड उघडते. भरत डब्यावर वाकून बसला. बुडबुडा यावा म्हणून त्या पोराचा जीव असा टांगणीला लागलेला! कूलर बदलला की गाडी चालू, एवढं त्याला कळत होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"काका, परत एकदा बघू?"

परत बघितलं. कूलर धडधाकट होता.

बुधवारी इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. आधी इंजिनातलं तेल टबात काढलं, मग बोल्ट सोडले, आणि काळूरामने चेनने हेड वर उचललं तेव्हा खाली वाकून बघायची गरजच राहिली नाही. दोन व्हॉल्व्हच्या मधून आरपार चीर. त्याखालच्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासून भिंतीला चरे पडलेले आणि इंजिनाच्या मुख्य ब्लॉकलाही केसाएवढी रेघ, ती उतरत थेट खालपर्यंत गेलेली. काळूरामने जीभ चावली. भरतला चीर कळली नाही, पण काळूरामचं तोंड बघून सगळं कळलं.

"दुसरं हेड बसल न्हवं, काका?"

"ब्लॉकच गेलाय रे," धम्मपाल म्हणाला. "हे इंजिन आता उभं राहत नाही."

 मघाशी भरतने डब्यातली भाकरी काढून ठेवली होती, ती त्याने परत फडक्यात बांधली.

"मिल गया ना, उस्ताद," काळूराम म्हणाला. "हेड चिरलं, तेल पाण्यात गेलं."

धम्मपालला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बस, एक अक्षर. ही चीर धुराच्या बाजूची आहे, तेलाच्या वाटेला ती कुठे लागतच नाही, हे गॅरेजात त्याच्या एकट्याच्या ध्यानात आलं होतं. गरम होऊन हेड चिरलं. गरम झालं ते पाण्यात तेल होतं म्हणून. तेल आधीचं, चीर नंतरची. तो 'हो' म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही. हात पुसत बाहेर गेला.

घरी आल्यावर वनिताने विचारलं, "जेवण गोड लागत नाही का?" तो म्हणाला, "लागतंय की." एरवीही तो हेच म्हणायचा. ती विहारातल्या बायकांचं काहीतरी सांगत होती, आणि याला आठवत होता नऊ दिवसांपूर्वीचा सोमवार. भरत होज पाइप बदलायला आला होता. पाणी सगळं काढलं, पाइप बसवला, कूलंट भरायला घेतलं. तांबडं कूलंट. पहिला कॅन संपला म्हणून भिंतीकडून दुसरा उचलला, झाकण काढलं, नाकाशी धरला. डोळे मिटले, मान हलवली. धार तांबडीच होती, पातळच होती. आणि स्टेअरिंगचं तेल? तेही तांबडं आणि तेही पातळच की!

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. रात्रभर कूस बदलत पडला, आणि वनिता उठायच्या आत घराबाहेर पडला.

गुरुवारी सात वाजता गॅरेजात कुणी नव्हतं. रिकाम्या कॅनांच्या ढिगातून त्याने तो कॅन शोधला. कान तुटलेला होता, म्हणून ओळखू आला. आत पेलाभर पाणी ओतलं, खळखळवलं आणि सिमेंटवर उपडं केलं. कूलंट पाण्यात विरघळून जातं, दिसतसुद्धा नाही. इथे पाण्यावर तांबडे थेंब तरंगत होते, एकमेकांना चिकटत होते, लांब होत होते. अख्खा पाच लिटरचा कॅन. आपल्या हाताने. पोराच्या गाडीत.

 तो तिथेच उकिडवा बसला आणि स्वतःला नाही नाही ते बोलला, मोठ्याने, आईवरून. मग काय केलं असेल? आठ वाजता भंगारवाल्याची हातगाडी आली, तेव्हा ढिगातल्या दहा-बारा कॅनांबरोबर तो कान तुटलेला कॅनही त्याने हातगाडीत टाकला. एवढं कळून, सवरून! पाण्याचा डाग मात्र सिमेंटवर होता, तो त्याने भुसा टाकून पायाने घासला.

नऊ वाजता केसरीनाथशेठ आला. जमीनदार असला तरी माणूस इंजिनात वाढलेला, डोळ्यांनी आंधळा नव्हता. त्याने टबातलं तेल बघितलं, काळूरामला विचारलं, "किती निघाला?"

"पुरं निघालं, शेठ."

"पुरं निघाला, तर मंग पान्यात एवढा तेल आला कुठनं?" शेठ भरतकडे वळला. "हा तेल बाहेरून पडलाय. वाटेत काय ओतलंस, सांग."

भरत गोंधळला. "म्या न्हाय ओतलं, शेठ."

"आठव, आठव. टाकी कुठं उघडली व्हतीस?"

भरत आठवायला लागला, आणि आठवणारा माणूस घाबरलेला असला की त्याला काय वाटेल ते आठवतं. "घोटीला... ढाब्यावर पानी कमी दिसलं. तिथल्या मानसानं बाटली दिली. बिसलरीची. म्या ओतली." त्याचा आवाज खाली खाली जात होता. "पानीच व्हतं, शेठ. पानीच दिसलं मला. अंधार व्हता, पन..."

"झालं तर! बाटलीत काय व्हतं कुनाला ठावं?"

"एका बाटलीत एवढं तेल बसतं का, शेठ?" काळूराम पुटपुटला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"म्हंजी म्याच," भरत म्हणाला. तो गाडीच्या पुढच्या टायरला टेकून खाली बसला. "म्याच माज्या हातानं. धाकलीच्या आयेला काय सांगू आता? पाड्यावर काय सांगू? सगळी बोलली व्हती, तुला न्हाय जमायचं, गाडी म्हंजी काय बैल हाय का." आणि तो रडायला लागला, एवढा मोठा बाप्या, गुडघ्यात तोंड घालून. काळूराम दुसरीकडे बघायला लागला. शेठने मोबाइल काढला आणि उगाच बघत उभा राहिला.

धम्मपालला ते सोसवेना. ऐकता येईना आणि पळताही येईना.

"भरत, तू काही केलं नाहीस," तो म्हणाला. "मी केलं. होज बदलायला आलास तेव्हा दुसरा कॅन स्टेअरिंग ऑइलचा होता. मीच ओतला."

भरतने मान वर केली. डोळे पुसले. आणि कशी माया असते बघा, तो कसनुसं हसला. "काका, माज्यासाटी तुमी खोटं नका बोलू. तुमी हुंगून ओतलं व्हतं, म्या बगितलं ना."

"कॅन कुठाय त्यो?" शेठने विचारलं.

"भंगारात दिला. सकाळी."

शेठ खो खो हसला. "धम्मा, लेका, तू फार भला मानूस. पोराचा रडना बगून जीव पगलला तुजा. तू आनि चुकनार?"

"शेठ, मला वास येत नाही." हे वाक्य सव्वा वर्ष घशात अडकलेलं होतं, ते बाहेर पडलं तेव्हा अगदीच लहान निघालं. "तापापासून येत नाही. कसलाच नाही."

"काय बोलतोस!"

"खरं सांगतोय. बाबासाहेबांची शपथ."

आता शेठचं हसू जरा उतरलं. त्याने इकडे तिकडे बघितलं. फळीवर काळूरामचा जेवणाचा डबा होता, तो त्याने उचलला. "डोळे मिट."

धम्मपालने मिटले.

शेठने झाकण काढलं. आत सुकट होती, कांदा घालून परतलेली, लसणाची. वास असा दणदणीत सुटला की बाहेर बांधलेला कुत्रा उठून उभा राहिला. शेठने डबा धम्मपालच्या नाकाला टेकवायचा तेवढा बाकी ठेवला. "सांग, काय हाय?"

धम्मपालने छाती भरून श्वास घेतला. गॅरेजात उभं राहून, इतक्या वर्षांच्या सवयीने, नाकाशी धरलेली वस्तू काय असणार? त्याला वाटलं, शेठने भिंतीकडचा एखादा कॅनच आणला असेल.

"डिझेल?" तो म्हणाला.

काळूराम फिस्सकन हसला. मग त्याने धम्मपालच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू जिरलं. शेठने डबा फळीवर ठेवला, झाकण लावायचं विसरला. धम्मपालने डोळे उघडले, सुकट बघितली आणि त्याला कळलं की आता सगळ्यांना कळलं. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. दहा पोती उतरवल्यासारखं वाटेल, असं काहीतरी. तसलं काही झालं नाही. इंजिन तसंच उघडं पडलेलं होतं आणि ब्लॉकवरची रेघ तशीच होती.

"अरे, मग सांगायचं ना रे," शेठ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "कॅनावर नावं लिवली असती. मी काय तुला हाकलला असता?"

धम्मपालला त्याच्याकडे बघवेना. तो भरतसमोर जाऊन बसला, गुडघे करकरले तरी बसला. "मार मला," तो म्हणाला. "शिव्या दे. तुझी गाडी मी घालवली. काहीतरी बोल."

 भरत धम्मपालकडे बघत होता आणि त्याच्या कपाळाला हळूहळू आठी पडत होती, काहीतरी दूरचं जवळ ओढून बघितल्यासारखी.

"नरसाळं म्याच धरलं व्हतं," तो म्हणाला.

"हो."

"कॅन उघडला तवा मला वास आल्ता, काका."

धम्मपालला काय म्हणतोय ते आधी कळलंच नाही.

"तेलाचा. म्या वळखला," भरत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तोंडावर आल्तं माज्या, ह्ये कूलंट न्हाय म्हनून. पन तुमी नाकाशी धरला, मान हलवली. मला वाटलं, मला काय कळतंय. म्हनून गप ऱ्हायलो."